गुप्तेकाकांची शिंक

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीतून वेळेवर बाहेर पडलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्याला कारण रिक्षा नाही, लिफ्ट नाही, आणि वर्षानुवर्षं खणून ठेवलेला रस्ताही नाही. कारण आहे गुप्तेकाकांचं नाक.

गेटला लागूनच त्यांचं तंबाखूचं दुकान. ‘गुप्ते आणि सन्स’ अशी पाटी. ती काकांच्या वडिलांनी लावलेली, आणि त्यातले सन्स म्हणजे एकटे काका. आपण पर्स, डबा, छत्री सावरत गेटबाहेर पाऊल टाकतो आणि डाव्या हाताला “आआआक्छीं!” असा बार उडतो. कबुतरं उडतात. वॉचमन दचकतो, रोज ऐकतो तरी रोज दचकतो. मग काकांचा अतिशय दिलगीर आवाज येतो, “अरेरे, साळवीबाई, शिंक झाली हो! आता असंच जाऊ नये. या, बसा दोन मिनिटं. पाणी प्या, मग निघा.”

आता मी काही शकुन-अपशकुन मानणारी बाई नव्हे. कळव्याच्या एका बँकेत कॅशियर आहे, तिथे दिवसभर लोक शिंकतात आणि कोणाचं काही अडत नाही. पण एकदा तोऱ्यात न बसता पुढे गेले, तर नाक्यावर चपलेचा अंगठा तुटला. तेव्हापासून बसते. आपलं काय जातं? लेट मार्क जातो, दुसरं काय!

शिंक खोटी असते हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. तपकीर विकता विकता आणि ओढता ओढता काकांचं नाक इतकं निर्ढावलंय, की खरी शिंक त्यांना सणासुदीलाच येते. आणि ती आली की ओळखू येते. आधी डोळे भरतात, मग नाक लाल होतं, मग एक हात हवेत जातो. खोटीला यातलं काही नसतं. वर स्वतः काकाच शिंकांवर प्रवचन देतात. “साळवीबाई, शिंकेच्या तीन जाती. नाकातली अस्सल, टाळूतली मध्यम आणि घशातली म्हणजे शुद्ध लबाडी.” हे बोलताना चेहरा असा, की जन्मात घशातून एकही काढलेली नाही.

दुकानात दुसरं कोणी शिंकलं की मात्र काका हातातलं काम टाकून “शतंजीव!” म्हणतात. कुरिअरवाला असो, शाळेतून येणारं पोर असो, एकदा तर नाक्यावरचा कुत्रा होता. मी म्हटलं, “काका, आणि तुमच्या शिंकेला कोण म्हणतं?”

“मला कोण म्हणणार? ते मोठ्याने म्हणायचं असतं लहानाला. माझ्याहून मोठे सगळे वर जाऊन बसलेत,” असं म्हणून ते खो खो हसले. मलाही हसू आलं, म्हणून विषय तिथेच राहिला.

तंबाखूबद्दल काकांचं एक स्वतंत्र शास्त्र आहे. स्वतः ते तपकिरीपलीकडे गेलेले नाहीत, पण मतं अशी, की ऐकणाऱ्याला ठसका लागावा. “सिगारेट म्हणजे पळणाऱ्याचं व्यसन. विडी उभ्याची. पान रेंगाळणाऱ्याचं. आणि सिगार? सिगार बसणाऱ्याची! सिगार पेटवली की माणूस तासभर उठत नाही. म्हणून सगळ्यांत थोर.” या थोर वस्तूची एक लाकडी पेटी त्यांनी जुन्या फ्रीजमध्ये, सिगार सुकू नये म्हणून, ओल्या मडक्याशेजारी ठेवलेली असते, आणि तिला गिऱ्हाईक म्हणाल तर सटीसहामाशी एखादं.

मागे बाळकुमच्या टॉवरमधला एक मुलगा आला. हाफपँट, कानात ते पांढरं काहीतरी, दारात मोठी गाडी चालूच.

“अंकल, सिगार है ना? एक दो, जल्दी.”

“इंजिन बंद कर.”

“अहो, फक्त घेऊन जायचीये.”

“घेऊन जायचीये? ती काय वडापाव आहे? तुझ्याकडे तास आहे का?”

“तास? नाही हो, मीटिंग आहे.”

“मग तुझ्याकडे पैसे आहेत, सिगारची लायकी नाही. च्युइंगगम घे आणि नीघ.”

तो मुलगा आता दर रविवारी येतो. सिगार त्याला अजून मिळालेली नाही. च्युइंगगम चघळत बाकड्यावर बसून काकांशी भांडतो, आणि खूश दिसतो.

कर वाढला की काका दुकानावर काळी फीत लावतात. आता कर दरवर्षी वाढतो, त्यामुळे फीत काढायचा कंटाळा करून त्यांनी ती कायमचीच ठेवली आहे. “सरकारचं म्हणजे कसं, म्हशीला शिव्याही द्यायच्या आणि धारही काढायची! पाकिटावर असं भयंकर चित्र छापणार, आणि त्याच पाकिटावर कर घेणार. अहो, वाईट आहे ना? मग बंद करा, मी उद्या भज्या तळतो. पण नाही!” त्या चित्रातल्या रोग्याशी काकांचा घरोबा आहे. सकाळी पाकिटं मांडताना त्याला “काय म्हणतोय घसा?” असं विचारतात. कोवळं पोरगं सिगारेट मागायला आलं तर त्याला तेच चित्र दाखवून हाकलतात. पण करावरचा त्यांचा खरा राग पैशाचा नाहीच. “पूर्वी माणूस यायचा, टेकायचा, चार गोष्टी बोलायचा. आता एवढी महाग वस्तू घेतली, की चोरासारखा पळतो. साळवीबाई, धूर हा बहाणा हो. खरा माल बसणं! आणि शिंकेवर अजून कर नाही, तोवर मी आहे.”

काकांच्या घरी एक मुलगी, सायली. काकू गेल्या तेव्हा ती शाळेत होती. काकांनी तिच्या वेण्या घातल्या, डबे केले, निनाव हा गोड पदार्थ शिकून घेतला आणि तो तीनदा जाळला. सायलीचं सगळं बालपण बाकड्यावर अभ्यास करण्यात गेलं, आणि मोठी झाल्यावर तिचं प्रत्येक निघणं शिंकेत अडकलं. कॉलेजच्या सहलीला निघाली, शिंक. पहिल्या नोकरीला निघाली, शिंक. व्हिसाच्या मुलाखतीला निघाली तेव्हा तर दोन! “बाबा, बास ना रे!” म्हणत ती पाय आपटत परत यायची, बसायची, पाणी प्यायची.

तरीही व्हिसा मिळाला. जर्मनीत नोकरी लागली. सोसायटीत पेढे वाटले काकांनीच, पण वाटताना ‘जाणार’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. “सायलीचं तिकडे ठरलंय,” एवढंच म्हणायचे. लोकांनी मात्र पैजा लावल्या, की काका त्या दिवशी किती शिंका काढतात. मीही चहाची पैज लावलेली, खोटं कशाला बोलू?

जायच्या आदल्या दिवशी सायली माझ्याकडे आली. सोफ्यावर बसली आणि नखं खात म्हणाली, “काकू, उद्या बाबा शिंकला ना, तर मी बसेन. मला माहितीये. आणि उद्या बसले तर मी उठणारच नाही. तू काहीतरी कर ना गं.”

मी काय करणार? नाकाला काय बूच लावू? पण पैजेची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विमानतळाची गाडी गेटसमोर लागली. अख्खी सोसायटी खाली. काका दुकानात स्टुलावर बसलेले, हातात सिगारची ती लाकडी पेटी, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेली.

“बाबा, सिगार? मला?”

“सोडे आहेत. भाजून दिलेत. तिकडे खिचडीत घाल.”

“अरे, सुकी कोलंबी? कस्टमवाल्याला काय सांगू मी?”

“सांग, इंडियन सिगार. त्याला म्हणावं, बसून खा.”

सगळे हसले. सायली हसता हसता नमस्काराला वाकली. आणि मला दिसलं, की काकांच्या चिमटीला तपकीर लागलेली आहे. सवयीने, घाबरून, नकळत, कशी कोण जाणे, पण ओढून झालेली होती. काकांचे डोळे भरले. नाक लाल झालं. एक हात हवेत गेला.

अरे देवा, म्हटलं, खरी येतेय!

हवेतला तो हात खाली आला आणि काकांनी आपलं नाक गच्च दाबलं. दुसरा हात सायलीच्या डोक्यावर ठेवला. चेहरा जांभळा, गाल फुगलेले, डोळ्यांतून धारा. सायली म्हणाली, “बाबा, काहीतरी बोल ना.” बोलणार कसे? तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली, आणि नाक न सोडता कोपराने गाडीचं दार दाखवलं. जा. जा लवकर.

ती डोळे पुसत बसली. गाडी निघाली. काकांची नजर गाडीवर, बोटं नाकावर. गाडी नाक्यावर वळली, दिसेनाशी झाली, आणि मग ती शिंक आली. तशी शिंक मी आयुष्यात ऐकलेली नाही. कबुतरं उडाली, बरण्यांची झाकणं वाजली, काळी फीत सुटून खाली पडली. या खेपेला हसलं मात्र कोणी नाही.

“शतंजीव,” मी म्हणाले.

काकांनी पंच्याने तोंड पुसलं. “तुम्ही माझ्याहून लहान आहात, साळवीबाई.”

“असू दे.”

हळूहळू लोक पांगले. मलाही कुकर लावायचा होता. “येते काका,” म्हटलं आणि पायरी उतरले. सवयीने थांबले. मागून काहीच आलं नाही. वळून बघितलं तर काका रिकाम्या बाकड्याकडे बघत बसलेले, हात मांडीवर.

मग मीच शिंकले. जमेल तेवढ्या मोठ्याने.

“अगबाई, शिंक झाली हो,” मी म्हणाले. “आता असंच कसं जायचं?”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“घशातली होती,” ते म्हणाले, आणि माठातलं पाणी आणायला उठले.