तर्कनिष्ठ विरुद्ध तर्कनिष्ठ

माणसाची ओळख जगात सगळीकडे एकच असावी, असं तर्कशास्त्राच्या सरांचं ठाम मत होतं. दुसरा पासवर्ड त्यांच्या लक्षात राहत नसे, हा या मताचा पाया. त्यामुळे वर्तमानपत्राची साइट, बायकोचं विणकाम मंडळ, सासूबाईंचा टॅब, सगळीकडे एकच खातं आणि एकच नाव: ‘तर्कनिष्ठ’.

सध्या सर प्रतिक्रिया अगदी तोलून मापून लिहीत. वर्तमानपत्राला साप्ताहिक सदरासाठी विचारी वाचक हवा होता आणि उपसंपादक बाईंनी कळवलं होतं, ‘तुमच्यावर लक्ष आहे.’ वर्गात कोणी ऐकत नव्हतं. निदान छापून तरी यावं, एवढीच सरांची इच्छा.

रविवारी विषय निघाला कोपऱ्यावरच्या बागेतल्या जुन्या बाकाचा. ठेवावं की काढावं?

‘काढावं. बाक आळसाला आमंत्रण देतं,’ सरांनी लिहिलं.

चहा घेऊन येतात तो खाली उत्तर हजर: ‘ज्याचे गुडघे दुखत नाहीत त्याने बाकाबद्दल बोलू नये.’ लिहिणारा, तर्कनिष्ठ.

सरांनी चष्मा पुसला. नाव तेच. फोटोही त्यांचाच.

“अगं, मी गुडघ्यांबद्दल काही लिहिलंय का?”

“तुम्ही काय लिहिता ते तुम्हाला तरी कळतं का?” बायको सुईवरची नजर न काढता म्हणाली.

‘आपला युक्तिवाद भावनिक आहे,’ सरांनी तर्कनिष्ठला सुनावलं.

‘आणि आपलं डोकं रिकामं,’ तर्कनिष्ठ उलटला.

वाक्य इतकं नेमकं होतं की ते आपणच लिहिलं असावं, अशी सरांना शंका आली. त्यांनी साइटच्या मदत केंद्राला फोन लावला.

“दोन्ही प्रतिक्रिया तुमच्याच खात्यावरून आल्यात, सर.”

“म्हणजे मी माझ्याशीच भांडतोय?”

“तो तुमचा खासगी प्रश्न झाला. पासवर्ड बदलून बघा.”

सरांनी बदलला. लगेच आतल्या खोलीतून हाक आली, “जावईबापू, हे यंत्र मला ओळखेनासं झालंय. बघता का जरा? महत्त्वाचं काम अडलंय.”

सासूबाईंचा शब्द सरांनी कधी खाली पडू दिला नव्हता. त्यांनी नवा पासवर्ड घालून दिला, वर अक्षरंही मोठी करून दिली.

“खात्यात चोर शिरलाय, आई. पण आता फिरकायचा नाही.”

“अद्दल घडवा मेल्याला,” गुडघा चोळत सासूबाई म्हणाल्या.

सर जागेवर येऊन बसले. पडद्यावर नवी ओळ होती: ‘पळालात ना? मला वाटलंच.’

सरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात उपसंपादक बाईंचा फोन. सदर गेलंच, असं समजून सर म्हणाले, “बाई, मी खुलासा करतो...”

“खुलासा कसला? स्वतःच्याच मताची इतकी निर्दय चिरफाड करणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. सदर तुमचं. दर आठवड्याला दोन्ही बाजू तुम्हीच मांडायच्या. उद्या सकाळी त्या बाकावर बसलेला फोटो तेवढा पाठवा.”

सकाळी सर निघाले तशी सासूबाईंनीही चप्पल घातली. “मीही येते. त्या बाकासाठी काल दुपारभर एका मूर्खाशी भांडले.”

तर्कशास्त्राच्या सरांना अखेर निष्कर्ष सापडला.

“आई,” त्यांनी हळूच विचारलं, “दर आठवड्याला भांडाल का?”

“समोर मूर्ख असला तर केव्हाही.”

बागेत बाक नव्हतं. माळ्याला विचारलं.

“ते होय? कधीच काढलं,” माळी म्हणाला. “कोणी बसायचंच नाही.”