येण्याचं कारण

"चहा नाही, कॉफी नाही. तेहतीस वर्षांचा घोडा झाला आणि ग्लासभर दूध पितो गटागटा," माणिकआत्या गॅसवरच्या पातेल्याला सांगत होत्या. "आमच्या काळी कुणाला अ‍ॅसिडिटी नव्हती असं नाही. पण आम्हाला विचारलं कुणी?"

रुचिर त्यांच्या मागे, दोन हातांच्या अंतरावर, फ्रिजचं दार धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि दूध काढून घेतलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

उज्जैनच्या नानाखेड्यातल्या पोतनीसांच्या घरात रुचिरला अ‍ॅसिडिटी आहे असं ठरून चार वर्षं झाली होती. खरं तर त्याला दगडही पचले असते. हैदराबादला नोकरीत असताना तो ख्रिस्ती झाला, मॉर्मन पंथात गेला. त्यांच्यात चहा-कॉफी वर्ज्य. पुढे घरून काम करायची सोय झाली, तो उज्जैनला परत आला आणि पहिल्याच दिवशी पानावर बसल्या बसल्या त्यानं आईवडिलांना सांगून टाकलं. आई, उषाताई, म्हणाल्या, "बरं. भात घे अजून." वडील, गोपाळकृष्ण, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले. त्यांनी ताकाची वाटी संपवली आणि हात धुवायला उठले. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. आठवड्याभरानं शेजारणीनं विचारलं, "रुचिर चाय नहीं लेता क्या?" तेव्हा उषाताईंच्या तोंडून अ‍ॅसिडिटी निघून गेली.

निघाली ती कामालाच लागली. महिन्याच्या पहिल्या रविवारी रुचिर पाणीसुद्धा न घेता उपास करायचा, तो पोटाला आराम म्हणून. दर रविवारी दार लावून लॅपटॉपवर हैदराबादच्या मंडळींबरोबर प्रार्थना करायचा, ते डॉक्टरांचं ऑनलाइन. दोन वर्षांपूर्वी गोपाळकृष्णांच्या थोरल्या बहीण माणिकआत्या कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांनाही हीच अ‍ॅसिडिटी सांगितली गेली आणि त्यांनी ती फार मनावर घेतली. दर सकाळी चमचाभर मोरावळा हातावर. रुचिरच्या धर्मात खोटं चालत नव्हतं. पण मोरावळा खाल्ल्यानं खोटं बोलल्यासारखं होतं का, याचा निकाल त्याला अजून लावता येत नव्हता.

त्याच्या पंथात आणखी एक गोष्ट मोठी मानतात. घर मरणापाशी संपत नाही म्हणतात. मागच्या पिढ्यांची नावं शोधून त्यांना आपल्याशी जोडून घ्यायचं. रुचिरकडची नावं पणजोबांपाशी अडली होती. आणि पुढची होती ऑटोनं वीस मिनिटांवर, भैरवगढला, सिद्धवटाच्या घाटावर, पोतनीसांचे पिढीजात तीर्थोपाध्याय, पंडाजी, यांच्या वंशावळीच्या वहीत.

एका शनिवारी तो गेला. पंडाजींनी लाल कापडातली वही सोडली आणि पाच नवी नावं निघाली. सगळ्यात वरती त्र्यंबक पोतनीसांची मोडीतली सही, शाईचा डाग पडलेली. रुचिर बराच वेळ तो डाग बघत बसला.

मग पंडाजींनी पेन पुढे केलं. रीतच होती. वही उघडायची तर आपलं नाव, तारीख आणि येण्याचं कारण लिहूनच उठायचं. रुचिरनं कारणाशी पेन थांबवलं. खोटं लिहायचं नव्हतं आणि सगळं लिहायला जागा नव्हती. शेवटी त्यानं लिहिलं: पूर्वजांसाठी.

तो ऑटोत बसेपर्यंत पंडाजींनी गोपाळकृष्णांना फोन केला होता. "पोतनीस साब, धन्य हो गए आप. लड़का बिना बुलाए आया था, पूर्वजों के लिए. अब श्राद्ध की तिथि ले ही लो."

गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गोपाळकृष्णांना मांडी घालता येत नव्हती आणि मुलाला सांगायची सोय नव्हती, म्हणून तीन वर्षं नानांचं, त्यांच्या वडिलांचं, श्राद्ध राहिलं होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.  फोन ठेवल्यावर ते बाजारात जाऊन नवं धोतर घेऊन आले आणि रुचिरच्या पलंगावर ठेवलं.

"बाबा, हे काय?" रुचिरनं विचारलं.

"आखूड नाही होणार. बघून घेतलंय," गोपाळकृष्ण म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"बाबा, मला थोडं बोलायचंय."

"गाडीत बोलू."

तोवर आत्यांनी इंदूरच्या नातेवाइकांना कळवलं होतं. श्राद्धाला पितृपक्षातला पहिला रविवार ठरला. तो महिन्याचाही पहिला रविवार होता. गाडीत रुचिर आणि वडील यांच्या मधोमध आत्या बसल्या, मांडीवर काळ्या तिळांचा डबा.

"काल दुपारपासून पाण्याचा थेंब नाही घेतला पोरानं," त्या इंदूरला फोनवर सांगत होत्या. "अरे, नानासुद्धा इतकं कडक नव्हते करत. ते चोरून शेव खायचे."

उषाताई पुढच्या सीटवर होत्या. त्या सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घाटावर पंडाजींनी नावं विचारली. गोपाळकृष्ण आजोबांपर्यंत आले आणि अडले. रुचिरनं नकळत पुढचं म्हटलं, "राघोपंत, त्यांचे वडील बाबाजी, त्यांचे सदाशिव, त्यांचे महादेव, त्यांचे त्र्यंबक." वही न बघता. आत्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"ऐसा बेटा आजकल कहाँ मिलता है," म्हणत पंडाजींनी दर्भाची अंगठी रुचिरच्या तळहातावर ठेवली. "पहनो. और बोलो मेरे साथ."

रुचिर हातातल्या अंगठीकडे बघत राहिला. घालणं सोपं होतं. मोरावळ्यासारखंच. पंडाजींनी मंत्राची सुरुवात दोनदा म्हटली.

"पित्त उठलं असेल," आत्या म्हणाल्या. "रिकाम्या पोटी उठतंच. घोटभर दूध द्या रे कुणी त्याला."

"ताई," उषाताई म्हणाल्या, "त्याला अ‍ॅसिडिटी नाहीये. कधीच नव्हती. तो ख्रिस्ती झालाय. मी थाप मारली."

आत्यांनी उषाताईंकडे बघितलं, मग रुचिरकडे. "मग माझा मोरावळा?"

"तो चांगला होता, आत्या," रुचिर म्हणाला.

पंडाजी वही बंद करू लागले. गोपाळकृष्णांनी हात पुढे केला. "ती अंगठी दे इकडे. आणि एक खुर्ची आणा."

"कुर्सी पे श्राद्ध, साब?"

"नानांचेही गुडघे गेले होते, पंडाजी. ते समजून घेतील."

चहाच्या टपरीवरून लाल प्लास्टिकची खुर्ची आली. तिचे पुढचे दोन पाय पाण्यात ठेवून गोपाळकृष्ण बसले. "तू नावं सांग," ते मुलाला म्हणाले. "माझ्या लक्षात राहत नाहीत."

रुचिर एकेक नाव सांगत गेला आणि वडील ओंजळीनं पाणी सोडत गेले. वर पायऱ्यांवर आत्या उषाताईंना हळूच विचारत होत्या, "दूध चालतं ना पण त्यांच्यात?"

सगळं झाल्यावर गोपाळकृष्ण खुर्चीतून उठले नाहीत. "या नावांचं तू काय करणार?"

रुचिरनं सांगितलं. पंथाच्या मंदिरात जिवंत माणसं मेलेल्यांच्या नावानं बाप्तिस्मा घेतात. पण बळजबरी नसते. तिकडे त्या पूर्वजांना पटलं तर त्यांनी तो स्वीकारायचा. "आजोबांचं नाव मात्र मला देता येत नाही. जवळच्या माणसाला विचारल्याशिवाय नाही. म्हणजे तुम्हाला."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही हात धुवायला उठलात."

 एक तीळ गोपाळकृष्णांच्या मनगटाला चिकटला होता, तो त्यांनी नखानं काढला.

"आणि नाना नको म्हणाले तर?"

"तर नको. त्यांची मर्जी."

"नकोच म्हणतील. त्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही." त्यांनी ओले हात पुसले. "घाल त्यांचं नाव. बसू दे भांडत तिकडे."

रुचिरनं त्यांना उठवायला हात दिला. तो धरून, पण न उठता, गोपाळकृष्ण म्हणाले, "मी गेल्यावर तू इथे पाणी सोडायला येणार नाहीस. माहीत आहे मला. त्या दिवशी ताक पितानाच कळलं होतं. तर तुझ्या त्या यादीत माझंही नाव घाल. मी नको म्हणणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो. पण तू विचारायला ये."