मोटारीचा एकुलता एक दिवा

पूजा करायची तर हातचं राखून करू नये, असं त्या खंडेनवमीला माझ्या मनात आलं आणि तिथूनच सगळं बिनसलं. (माझ्या मनात काही आलं की माझी बायको सुभद्रा आधी देवापुढे हात जोडते. ती भाविक आहे, असा माझा बरीच वर्षं समज होता.) लोक मोटारीला दारातच हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात आणि मोकळे होतात. मी म्हटलं, आपण निदान तिचा दिवा तरी घरात आणू. बोल्ट सोडवून दिवा काढला, देव्हाऱ्यापुढे पाटावर मांडला, आणि मारुतीला लावतात तसा तेलात कालवलेला शेंदूर त्याला वरून, खालून, पाठीला, बुडाला सढळ हातानं लावला. दुसऱ्या दिवशी दसरा. दिवा परत जागेवर बसवून आम्ही मोटारीतून सोनं लुटायला गेलो.

हुमनाबादच्या तहसील कचेरीतल्या कारकुनाकडे मोटार कशी, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. (आमच्या तहसीलदारसाहेबांनाही पडला होता.) मन्नाएखेळ्ळीच्या एका देशमुखांचे अर्ज मी दहा वर्षं उर्दूत लिहून देत होतो. त्यांनी नवी मोटार घेतली तेव्हा जुनी गोठ्यात उभी होती आणि तिच्यात कोंबड्या राहत होत्या. ते म्हणाले, "न्या." मी कोंबड्या काढल्या आणि मोटार आणली. तिचा उजवा दिवा देशमुखांच्या काळातच नाहीसा झालेला होता. सगळी भिस्त डाव्यावर.

तर दसऱ्यानंतर हा डावा दिवा लहरीवर आला. मनात आलं की लागायचा, मनात आलं की जायचा. नीट पाहिल्यावर माझ्या ध्यानात आलं की गाडी खड्ड्यात आदळली की तो लखकन लागतो आणि सडक चांगली लागली की गुल होतो.

सुभद्रा म्हणाली, "दृष्ट लागलीया. पुऱ्या गल्लीचा डोळा तिच्यावरच हाय."

तिनं मीठ-मोहऱ्या आणि सात मिरच्या मोटारीवरून उतरवल्या आणि शेवटी बॉनेटवर एक सणसणीत थाप मारली. दिवा लागला! ती माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघत असतानाच तो पुन्हा गेला. मिरच्यांच्या धुरानं खोकून खोकून मला मात्र दोन दिवस कचेरीत बोलता येईना.

एरवी मी हे मनावर घेतलं नसतं. पण पुढच्या आदितवारी आमच्या महानंदाची सुपारी फुटायची होती. पोर विशीला आलेली, तीन स्थळं परत गेलेली. एकाला उंची आडवी आली, एकाला पत्रिका, आणि एकानं तर कारणही सांगितलं नाही. हल्ली पाहुण्यांचं नाव निघालं की ती विहिरीवर पाण्याला जायची आणि घागर भरूनही लवकर यायची नाही. मला ते बघवत नव्हतं. हे चौथं स्थळ दुबलगुंडीचं. मुलगा चांगला, घर चांगलं. अडचण एकच, मुलाचे वडील उद्धवराव. हा माणूस शकुन-अपशकुन पाहिल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे. गेल्या साली औरादला मुलगी बघायला गेले असताना ओवाळताना निरांजन विझलं, तर पुढ्यातलं ताट सरकवून हे तसेच उठले आणि गाडी जुंपून चालते झाले. ही गोष्ट साऱ्या तालुक्याला माहीत होती.

आणि मी काय केलं? "तुम्हाला न्यायला मोटार घेऊन येतो," असा त्यांना निरोप धाडला.

"कामून सांगितलंव?" सुभद्रानं कपाळावर हात मारून घेतला. "बैलगाडीनं आले असते की! तुमचा दिवा त्यांच्या म्होरं गेला तर पोरीनं काय करायचं?"

"दिवसाउजेडी आणतो की. दिवा लावायचाच न्हाई," मी म्हणालो.

तरी खबरदारी म्हणून मी मन्नाएखेळ्ळीला इरप्पाकडे गेलो. सडकेच्या कडेला त्याचं दुकान. बैलगाडीच्या धावा, सायकली, मोटारी, त्याला सगळं सारखंच. त्यानं दिव्याची मान गच्च पकडली आणि मला कळ दाबायला सांगितलं. दिवा लागला. दहा वेळा कळ दाबली, दहाही वेळा लागला. बायकोसमोर मांजर होणारा नवरा चारचौघांत जसा वाघ होतो, तसा तो दिवा इरप्पापुढे तळपत होता.

"काय झालंय ह्याला? बरा हाय की," इरप्पा म्हणाला.

"अरे, मधूनच जातो."

त्यानं बल्ब पाहिला, बॅटरी पाहिली, तार ओढून पाहिली आणि मला समजावून सांगितलं, "हे बघा अण्णा, तारेतनं वीज दिव्यात जाती. आन् दिव्याच्या बुडातनं, मोटारीच्या लोखंडातनं माघारी येती. जायला वाट पायजे, तशी यायलाबी वाट पायजे. सासरी गेलेली पोर माहेरी आलीच न्हाई तर कसं व्हईल?"

मी समजल्यासारखी मान हलवली. (कचेरीत वीस वर्षं हेच काम करतोय.) पोर आणि सासर एवढंच माझ्या कानात शिरलं.

आदितवारी दुपारी तीनलाच मी दुबलगुंडीला हजर. बाकीची मंडळी सकाळीच बैलगाडीनं पुढे गेली होती. उद्धवराव एकटेच होते. पाच कोसांची वाट, म्हणजे उन्हं कलायच्या आत घरी. मी चहा नको म्हटलं, पान नको म्हटलं. पण त्यांचं जेवण व्हायचं होतं. मग वामकुक्षी. साडेचारला फेटा बांधून ते उंबऱ्यापर्यंत आले, घड्याळ पाहिलं आणि मागे फिरून पुन्हा घोंगडीवर बसले.

"राहुकाळ लागला. आता सहा वाजेस्तोवर उंबरा वलांडायचा न्हाई."

"पण दिवस मावळंल की!"

"मावळू द्या. तुमच्या मोटारीला दिवा हाय न्हवं?"

"हाय की!" मी म्हणालो.

सहाला निघालो. मांडीवर चांदीचा पानाचा डबा घेऊन उद्धवराव माझ्या शेजारी ऐटीत बसले. अंधारून आलं. मी मनात मारुतीला साकडं घातलं, कळ दाबली आणि पहिल्याच खड्ड्यात गाडी घातली. दिवा लागला. मग मी डोळ्यांत तेल घालून खड्डे शोधू लागलो. डावीकडचा झाला की उजवीकडचा.

"अंकुशराव, सडक हिकडं हाय की! तिकडं कुठं चाललाव?"

"हिकडची माती मऊ हाय."

"मऊ? माझे उरलेले चार दात पडायलेत!"

देवानं तोपर्यंत लाज राखली होती. पण निम्म्या वाटेवर सडक एकदम पाटीसारखी गुळगुळीत झाली. तामीरातवाल्यांनी, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यानं, आठवड्यापूर्वीच तिथं रोलर फिरवला होता. मी खड्डा शोधला, दगड शोधला, निदान शेणाचा पो तरी. काही नाही. दिवा दोनदा लुकलुकला आणि गेला.

"दिवा गेला," उद्धवराव म्हणाले.

"गेला न्हाई. मीच मालवलाय."

"कामून?"

"चांदणं हाय की."

त्यांनी मान वर करून पाहिलं. आभाळात चांदणी एकच होती आणि तीही ढगाआड चालली होती.

"गाडी थांबवा."

मी थांबवली. ते खाली उतरले. आता हे दुबलगुंडीची वाट धरणार, आणि उद्या महानंदा पुन्हा घागर घेऊन विहिरीवर जाणार. मला राहवलं नाही. मी धावत जाऊन त्यांचे पाय धरले.

"उद्धवराव, दोष माझा हाय, माझ्या मोटारीचा हाय. पोरीचा काई न्हाई. तिच्यासाठी तरी माघारी फिरू नका."

त्यांनी पाय सोडवून घेतले. पुढे जाऊन त्यांनी दिव्याची मान धरली. दिवा लखकन लागला. हात काढला, गेला. पुन्हा धरला, पुन्हा लागला. मग त्यांनी दिव्याच्या बुडाखाली बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. लाल होतं.

"हे काय हाय?"

"शेंदूर. खंडेनवमीचा."

"बुडाला सुदीक?"

"पूजा अर्धवट राहू नये म्हणून."

आणि त्या क्षणी इरप्पाचं बोलणं माझ्या टाळक्यात शिरलं. यायची वाट! लोखंडाला लोखंड टेकतच नव्हतं, मधे वाळलेल्या शेंदराचा थर होता. मी पान्यानं बोल्ट काढला. खरवडायला काही सापडेना, तेव्हा उद्धवरावांनी मुकाट्यानं पानाच्या डब्यातला अडकित्ता काढून दिला. मी बूड खरवडलं, खालचं लोखंड खरवडलं, बोल्ट पिळून बसवला आणि कळ दाबली. दिवा लागला तो लागलाच. गुळगुळीत सडकेवरही हलला नाही.

उद्धवराव मात्र पुढचे अडीच कोस सडक सोडून माझ्याकडेच बघत बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी मंडळी खोळंबली होती. सुभद्रानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या उद्धवरावांपुढे केला. दाराआड महानंदा मान खाली घालून उभी होती. उद्धवराव बैठकीवर टेकले. सुपारी पुढे ठेवली होती, पण त्यांनी हात लावला नाही.

"वाटंत दिवा गेला," ते म्हणाले. "पर माझा हात लागताच लागला. तवा शकुन चांगलाच हाय. मला त्याची काळजी न्हाई."

माझा जीव भांड्यात पडायला निघाला होता, तो मधेच थांबला. कारण ते पुढे म्हणाले, "काळजी येगळीच हाय. अक्का, तुमी खोटं बोलणाऱ्यातल्या न्हाईत, म्हणून तुमाला इचारतो. मी आज पाच कोस तुमच्या मालकासंगं आलोय. खरं सांगा, पोरगी डोक्यानं कुणावर गेलीया?"

सुभद्रानं क्षणाचाही विचार केला नाही.

"माझ्यावर, अण्णा. पुरी माझ्यावर."

"बापाचं काईच न्हाई?"

"नाक तेवढं."

उद्धवरावांनी महानंदाच्या नाकाकडे जरा वेळ निरखून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाकाचं चालंल. फोडा सुपारी."