आबांची कवळी आणि माझी कला

माणसाने एकदा मनावर घेतलं की त्याला काहीही जमतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मी पॉलिमर क्ले मनावर घेतली होती! ही एक रंगीत, प्लास्टिकची माती असते. मळायची, आकार द्यायचा, ओव्हनमध्ये अर्धा तास भाजायची, की झाली टणक. लोक तिचे कानातले करतात, की-चेन करतात. म्हटलं, असली पोरकट कामं आपण करायची नाहीत. आपण एकदम रुखवत करायचं!

कारण माझी पुतणी संस्कृती हिचं लग्न ठरलं होतं. दादाचं घर निरवांगीला, नवरदेव नरसिंहपूरचा, कार्यालय इंदापूरचं, आणि मी बारामतीत चोवीस रंगांच्या पाकिटासमोर. रुखवताच्या टेबलावर दरवेळी तेच ते आइस्क्रीमच्या काड्यांचे बंगले. मी लाडवांचं ताट मांडणार होतो. मातीचे लाडू, पण पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं असे!

"आणि कुणी खरे समजून खाल्ले तर?" बायकोने, म्हणजे सुप्रियाने विचारलं.

"तीच तर कला!"

"दात पडले म्हणजे?"

"दात पडले तर मी कलाकार ठरलो!"

जिभेला हाड नसतं, ते असं.

महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात गळीत हंगाम चालला होता. पोळपाट माझ्याकडे, लाटणं माझ्याकडे. लाडू खडबडीत दिसावा म्हणून टूथब्रशने टोचा, असं व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं. मी टोचला. ब्रश सुप्रियाचा निघाला. पहिला घाणा ओव्हनमध्ये विसरलो, तेव्हा वरच्या मजल्यावरून "टायर जाळताय का?" अशी विचारणा झाली. दुसऱ्या घाण्यात लाडवांचे पापड झाले. तिसऱ्यातले पाच पास झाले. रंग जरा करडा आला होता आणि प्रत्येकावर माझा अंगठा उमटला होता, खरेदीखतावर उमटतो तसा. ती मी माझी सही मानली.

"कसे दिसतात?" मी विचारलं.

"गोल," सुप्रिया म्हणाली.

लग्नादिवशी माझं ताट टेबलावर मी स्वतः मांडलं. शेजारीच माझ्या आईच्या डिंकाच्या लाडवांचं ताट, मोजून एकवीस. मऊ लाडू करावा तर कौसल्याबाईंनीच, असं सगळे म्हणतात. आमच्या घरात तसं म्हणावंच लागतं.

मुहूर्त बारा पस्तीसचा. तोवर सत्कार! आलेल्या प्रत्येकाला टॉवेल, टोपी, नारळ आणि माइकवरून नाव. नवरदेवाचे आजोबा दत्तोबा आबा सकाळपासून उपाशी होते. सत्तावन्नावा नारळ झाल्यावर ते उठले आणि रुखवताकडे वळले. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतो. आधी कट्‌ असा आवाज आला, मग आरोळी.

"मेलो! कवळी ग्येली!"

आबांच्या हातात कवळी होती, दोन तुकड्यांत. घटकेत पन्नास माणसं गोळा झाली. वरपक्षाकडचे एक तात्या कडाडले, "पोरीकडच्यांनी ताटात दगूड मांडलंत व्हय? आमच्या म्हाताऱ्याची चेष्टा करताय?"

आबांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्या घरात आबांनी डोक्यावर हात ठेवल्याशिवाय नवरदेव बोहल्यावर चढत नाही. घड्याळात बारा वीस!

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. संस्कृती मुंडावळ्या बांधून खोलीच्या दारात उभी होती, डोळे भरलेले. "काका, तुझे लाडू..." एवढंच म्हणाली.

मला पोरीसाठी फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, पण आत कुठंतरी गुदगुल्याही झाल्या. ऐंशी वर्षांचा, जन्मभर लाडू खाल्लेला माणूस फसला होता! मी पुढे झालो आणि आबांचे पाय धरले.

"आबा, गुन्हेगार मी! तो लाडू खायचा नव्हताच. मातीचा होता. ह्या हातांनी केलेला!" शेवटचं वाक्य मी जरा जास्तच मोठ्याने म्हणालो.

आबांनी मान वळवली. "मातीचा? आन मंग गुळाची चव कशी आली?"

"तोच तर कलेचा भास, आबा!"

"डिंकाचा वासबी आला की रं!"

"नजर फसली की नाकही फसतं!"

आबा विचारात पडले. "मंजी माजं दात काय हलकं न्हवतं."

"हलके? आबा, दगडाशी लढताना गेले ते!"

हे मात्र लागू पडलं. आबा बोळक्याने हसले, उठले आणि नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. बारा चौतीस! अक्षता पडल्या, पोरगी हसली, दादाने मला मिठी मारली. पंगतीत वरपक्षाची माणसं मला बोट करून दाखवत होती, "त्यो बघ, लाडूवाला!" आबांनी तर दुसऱ्या नातवाच्या लग्नाचं रुखवतही मलाच सांगितलं. मी जिलेबीला नको म्हणालो. पोट कौतुकानेच भरलं होतं.

दुपारी दादाच्या शेजारीण तानूबाई रुखवत आवरत होत्या.

"तानूबाई, माझे मातीचे चार लाडू राहिले असतील, जरा जपून," मी म्हणालो.

"लाडू?" त्यांनी तोंडाला पदर लावला. "आगं बया! ते लाडू व्हतं व्हय? कूलरच्या वाऱ्यानं टेबलाचं कापड उडत व्हतं. म्या सकाळीच चार कोपऱ्यांवर चार ठिवलं. आन ह्यो पाचवा अक्षतांच्या कागदावर. बरं दगूड घावलं म्हनलं!"

पाच. पाचच्या पाच, अंगठ्यासकट.

"कौसल्याकाकींचंच एक कमी भरलं," तानूबाई म्हणाल्या. "ईसच घावलं."

मी खाली वाकलो. टेबलाखाली एकविसाव्याचा अर्धा तुकडा पडला होता. खारीक, खोबरं, डिंक, सगळं जागच्या जागी. आणि मधोमध आबांचा एक दात रुतून बसला होता.

सुप्रियानेही तो पाहिला. "आता खरं सांगणार?" तिने हळूच विचारलं.

तेवढ्यात आई आलीच. "चाळीशीचा घोडा झालास आन मातीत खेळतुस? म्हाताऱ्याचं दात घालवलंस! सोन्यासारकं माजं लाडू शेजारी असताना त्येंच्या हाताला तुजाच कसा लागला?"

एका बाजूला आईची पन्नास वर्षांची कीर्ती, दुसऱ्या बाजूला माझी तीन तासांची. तुकडा मी खिशात टाकला.

"चुकलं, आई," मी म्हणालो.

मी आईसाठी गप्प बसलो, असं सुप्रियाला वाटलं. तिचे डोळे चक्क पाणावले. अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच! मी तिला तसंच वाटू दिलं.

"आसू दे," आई निवळली. "म्या निस्तारलंय. ते ईस लाडू डब्यात भरून आबांच्या गाडीत ठिवलं. म्हनलं, नवी कवळी बसली की पयला घास ह्येचाच घ्या!"

मी फाटकापर्यंत पळालो. गाडी नरसिंहपूरच्या रस्त्याला लागली होती.

तर मंडळी, आबांची नवी कवळी गुरुवारी बसतेय. त्याआधी कुणी तिकडे जाणार असेल तर कळवा. डब्यातले लाडू काढून तिथे माझे ठेवायचे आहेत. पाच तयार आहेत, पंधरा ओव्हनमध्ये आहेत. माझे कुणी तोंडात घालणार नाही, याची आता पुरेपूर खात्री झाली आहे!