पहिली ओळ बारकूमामांची

आमच्या बारकूमामांना पूर्ण वाक्य बोलायची सवयच नव्हती. अर्धं बोलायचं, उजवा हात वर करायचा आणि समोरच्यानं उरलेलं अर्धं म्हणेपर्यंत थांबायचं, ही त्यांची बोलायची रीत. सकाळी माझ्या दूध संकलन केंद्रावर किटली घेऊन आले की रांगेच्या शेपटाकडून आरोळी यायची, "आजची फॅट?" आणि कॅन-किटल्या घेऊन उभी असलेली अख्खी रांग एका सुरात म्हणायची, "कमीच हाय! कमीच हाय!" मी यंत्रावर बसलेला माणूस. दूध तपासायच्या आधीच माझी अब्रू जायची.

याला कारण होतं. बारकूमामा आमच्या भागातले घोषणा देणारे. मंचरपासून अवसरीपर्यंत आणि वर जुन्नरच्या हद्दीत निमगाव सावापर्यंत, कुठंही मोर्चा निघो की सभा भरो, पहिली ओळ बारकूमामांची आणि दुसरी लोकांची. नावाप्रमाणे देह बारका, पण आवाज असा की नवीन माणसानं मागं वळून बघावं, एवढ्याशा माणसानं कर्णा कुठं लपवलाय म्हणून. पैसे घ्यायचे नाहीत. "मला काय बी नको, फकस्त पुढं उभं करा," एवढीच अट. गळा मात्र फार जपायचे. भर मे महिन्यात मफलर, ताकाला हात नाही, चिंच नाही, आणि लग्नातलं आइस्क्रीम शेजारच्याच्या पानात.

माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेव डीजेपुढं नाचण्यात असा रमला की मुहूर्त टळून गेला. मांडवात माणसं घामानं निथळत होती, हातातल्या अक्षतांचा भात व्हायची वेळ आली होती. तेव्हा मामा खुर्चीवर चढले. "येऊन येऊन येणार कोण?" आणि सगळा मांडव उसळला, "नवरदेवाशिवाय हाय कोण!" आमच्या भटजींनीसुद्धा हात वर केला. नवरदेव पळत आला.

घरातही तेच. संध्याकाळी दारातून विचारायचे, "जेवायला?" आतून हिरामामी म्हणायच्या, "वाढलंय, गिळा!" हासुद्धा एका अर्थी संसारच होता. पुढं मुलाला चाकणला कंपनीत नोकरी लागली, नातू झाला आणि मामी नातवाला सांभाळायला तिकडं गेल्या. मामा एकदा गेले होते राहायला. पहाटे गच्चीवर जाऊन गळा मोकळा केला, तर खालच्या मजल्यांवरची माणसं भूकंप झाला म्हणून जिन्यात आली. मुलानं त्याच दिवशी एसटीत बसवून दिलं.

घोषणा पुष्कळ असतात, पण मामांच्या जिभेवर एक कायम बसलेली. "अमक्याचं करायचं काय?" लोकांनी म्हणायचं, "खाली डोकं, वर पाय!" उसात बिबटे वाढले, शेळ्या जायला लागल्या, तेव्हा वनखात्याच्या कचेरीवर मोर्चा गेला होता. मामांनी विचारलं, "बिबट्याचं करायचं काय?" आम्ही सगळ्यांनी बिबट्याला उलटा केला. साहेब बाहेर येऊन म्हणाले, "करा की. पण पाय धरायला पुढं कोण येतंय, तेवढं सांगा." मोर्चा हसत हसत घरी आला. त्या घोषणेचा कुणी धसका घ्यावा असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पोरं गोट्या खेळतानासुद्धा म्हणायची.

आता शिवरामबद्दल सांगायला हवं. शिवराम आणि बारकूमामा शाळेपासूनचे जोडीदार. मामा पहिली ओळ म्हणायचे, आणि गर्दीतून सगळ्यात आधी जो किरटा आवाज उठायचा तो शिवरामचा. मग बाकीचे. मामा म्हणायचे, "गर्दी लई असती भाऊ, पण शिवराम न्हाई उठला तर ती उठत न्हाई. मुक्यावानी बघत बसती." शिवरामची बायको पारूबाई दोघांना चहा द्यायची आणि म्हणायची, "एक नवरा करून दोन पदरात पडले."

मग ग्रामपंचायतीची गेली निवडणूक आली. शिवरामचा मेहुणा पलीकडच्या पॅनलमधून उभा राहिला. मेहुणा तो मेहुणाच, शिवराम तिकडं गेला. मामा होते तिथंच राहिले. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. दोघं सकाळी एकमेकांना शिव्या देऊन संध्याकाळी एका ओट्यावर बसायचे. पण निवडणूक तापत गेली. आमचे पॅनलप्रमुख शेवटच्या सभेत म्हणाले, "गद्दारांना सोडायचं नाही. निकालादिवशी एकेकाला दाखवून द्यायचं." पोरांनी ते मोबाईलवर फिरवलं, त्याला गाणं जोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी जाऊन भाकरी खाल्ली. सभेत बोललेलं कुणी घरापर्यंत नेत नाही, अशी आपली समजूत असते.

निकाल लागला. मामांचं पॅनल आलं. गुलाल उधळत ट्रॅक्टरची मिरवणूक निघाली आणि ट्रॉलीत सगळ्यात पुढं बारकूमामा. शिवरामच्या घरापुढं ट्रॅक्टर थांबवला आणि पॅनलप्रमुखांनी मामांच्या कानात सांगितलं, "आज नाव शिवरामचं घे." मामांना ती गंमत वाटली. जोडीदाराची चेष्टा करायची नाही तर कुणाची? त्यांनी हात वर केला. "शिवरामचं करायचं काय?"

सगळ्या गल्लीनं उत्तर दिलं.

शिवराम ओट्यावर उभा राहून हसत होता. त्यानंही हात वर केला, असं पारूबाई सांगते. वर्षानुवर्षांची सवय, तोंडातून तीच ओळ निघत असणार. तेवढ्यात चार पोरं पायऱ्या चढून गेली. तीही हसत होती. दोघांनी शिवरामचे पाय धरले, दोघांनी दंड, आणि त्याला खरंच उलटा केला. ट्रॉलीवरून मामा ओरडले, "आरं, आरं, सोडा त्याला!" पण डीजे चालू होता. एवढ्या मोठ्या गळ्याचा माणूस, पण त्या एका वेळी त्याचं कुणाला ऐकू गेलं नाही. गुलालानं हात निसरडे झाले होते. शिवराम डोक्यावर पडला, ओट्याच्या फरशीच्या कडेवर.

जीव वाचला. पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पोरांवर केस झाली. पोरं म्हणाली, "आमी काय मारायला गेलो व्हतो का? सगळं गाव म्हणत व्हतं." पॅनलप्रमुख दवाखान्यात फळं घेऊन गेले, फोटो काढला आणि बाहेर येऊन म्हणाले, घोषणा ही म्हणायची पद्धत असते, तिचा असा अर्थ कुणी घेतो का. मामांना बाजूला घेऊन बजावलं, "तू काही बोलला नाहीस. कळलं?"

दुसऱ्या दिवशी मामांनी इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली आणि तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन उभे राहिले. "माजं नाव लिवा."

साहेबांनी विचारलं, "तुम्ही पाय धरले होते?"

"न्हाई."

"मग दंड?"

"न्हाई साहेब. म्या तोंड उघडलं व्हतं."

साहेबांनी जबाब लिहून घेतला. मामांनी त्यात स्वतःचं नाव सांगितलं आणि कानात नाव सांगणाऱ्याचंही सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या पॅनलनं त्यांना वाळीत टाकलं. पलीकडचं पॅनल तर त्यांना मारेकरीच म्हणत होतं. निवडणुकीत गाव दोन तुकड्यांत फाटलं होतं, ते ह्या एका गोष्टीवर मात्र एक झालं.

माझ्या केंद्रावर पुढं बरेच दिवस वाद चालला. एक जण म्हणाला, "बोलल्यानं टकुरं फुटत असतं तर माझं लगीन झाल्यापास्नं रोज फुटलं असतं." दुसरा म्हणाला, "आरं, पण तोंड उघडलं नसतं तर पाय कुणी उचलला असता का?" मला विचाराल तर मला त्या पोरांचा राग येतो, पॅनलप्रमुखांचा त्याहून जास्त येतो, आणि मामांचाही येतो. पण आपला वाटा आपण होऊन मागायला गेलेला माणूस मी तो एकच पाहिला, म्हणून त्यांच्यावरचा राग टिकत नाही.

मामा किटली घेऊन यायचेच. सवयीनं रांगेच्या शेवटून म्हणायचे, "आजची फॅट?" रांग मोबाईलमध्ये बघत राहायची. मी यंत्रावर बसून आकडा लिहायचो, मला तरी कुठं रांगेच्या वतीनं ओरडता येत होतं? थोडं थांबून मामा स्वतःच पुटपुटायचे, "कमीच हाय." हात वर केलेला असायचा, तो हळूच मफलरकडं न्यायचे, जणू मफलर नीट करायलाच उचलला होता.

त्यांची आणि माझी भिंत एक. संध्याकाळी पलीकडून ऐकू यायचं, "जेवायला?" आणि मग बारीक आवाजात, "वाढलंय, गिळा." पहिली ओळ त्यांची आणि दुसरीही त्यांचीच. एकदा माझी बायको म्हणाली, "मामांकडं पावणं आल्यात जणू." मला फार वाईट वाटलं.

शिवरामला घरी आणल्यापासून मामा रोज दिवस कलायच्या आधी त्याच्या दारी जायचे. शिवरामला ओट्यावर खाटेवर बसवलेलं असायचं. मामा पायऱ्यांच्या खाली उभे. आमच्याकडं घरच्यानं 'बसा' म्हटल्याशिवाय माणूस दारात बसत नाही, आणि पारूबाई 'बसा' म्हणत नव्हती. तिनं एकदा त्यांना हाकलून पाहिलं, एकदा शिव्या देऊन पाहिल्या. मग तिनं नाद सोडला. अंगण झाडताना ती त्यांच्या पायांभोवतीनं केरसुणी फिरवायची, खांबाभोवती फिरवावी तशी. मामा एक पाय उचलायचे, मग दुसरा.

उभ्या उभ्या ते पहिल्या ओळी म्हणायचे. हळू, मोर्चातल्यासारख्या नाही. "शिवराम, बे एके?" शिवराम नुसता बघायचा. "शिवराम, कोण म्हणतो देणार न्हाई?" शिवराम बघायचा. मी तेव्हा रोज संध्याकाळी शिवरामकडं दूध घालायला जायचो, कारण दवाखान्यापायी त्यांच्या घरच्या गाई विकल्या होत्या. मामांचा मला वैताग यायचा. म्हटलं, मामा, मुक्या माणसाला किती छळाल? ते म्हणाले, "भाऊ, त्याची सवय हाय ती. पहिली वळ ऐकली की त्याला ऱ्हावत न्हाई."

आणि एक दिवस "बे एके?"ला खाटेवरून "बे" आलं. घोगरं, ओलं, पण आलं. महिनोन्‌महिने ज्या घरात नुसतं "अं, अं" ऐकू आलं होतं, तिथं शब्द आला. पारूबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. ती आत गेली आणि चुलीपुढं बसून रडली. डॉक्टर नंतर म्हणाले की असं होतं कधी कधी, पाठ असलेलं आधी परत येतं. पुढं कधी "बे दुणे"ला "चार" यायचं, कधी चार दिवस काहीच नाही. पारूबाई आता मामा यायच्या वेळेला नवऱ्याचं तोंड पुसून ठेवायची. पण 'बसा' ती तरीही म्हणाली नाही, आणि मामांनीही पायरीला पाय लावला नाही.

ती एक घोषणा मात्र त्यांनी तिथं कधी उच्चारली नव्हती.

परवा मी दूध घेऊन गेलो, तर मामा टोपी हातात घेऊन उभे होते. मी मापानं दूध घालत होतो, पारूबाई पातेलं धरून होती. मामांनी हात वर केला नाही. जमिनीकडं बघत म्हणाले, "शिवराम, ह्या बारकूचं करायचं काय?"

शिवरामचा चेहरा आक्रसला, ओठ वाकडे झाले. "खा..." तो म्हणाला. "खा... ली..."

मामांनी डोकं खाली घातलं, न्हाव्यापुढं घालावं तसं, आणि डोळे मिटले. पुढची ओळ त्यांना पाठ होती. ती ऐकायलाच ते इतके दिवस उभे राहिले होते.

शिवरामनं डाव्या हातानं ओट्यावर थाप मारली. "खाली... बस."

मामांना कळलंच नाही. मान तशीच ठेवून म्हणाले, "पुढचं म्हण की."

शिवरामनं पुन्हा थाप मारली, जरा रागानंच. "बस!"

मी पारूबाईकडं बघितलं. तिनं पातेलं खाली ठेवलं, कोपऱ्यातलं पोतं ओढून ओट्यावर अंथरलं आणि दूध घेऊन आत गेली. मामा पायऱ्या चढले. ज्या कडेवर शिवराम पडला होता ती ओलांडताना थबकले, मग पोत्यावर बसले. गुडघ्यांचा आवाज मला खाली ऐकू आला. दोघंही समोरच्या गल्लीकडं बघत राहिले.

आतून पारूबाईचा आवाज आला, "भावजी, च्या?"

मामांनी तोंड उघडलं. तीन गावांना पुरणारा तो गळा, त्यातून काही निघेना. मफलर हातात चोळत ते नुसते शिवरामकडं बघत राहिले.

"दे," शिवराम म्हणाला.