खालची मंडळी

किहीमला विसूभाऊंच्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याआधी त्याच्यापुढे प्रश्न येई, "सामानात फिनेल नाही ना?" असल्यास बाटली फाटकाशी ठेवावी लागे. परतताना ती मिळे.

विसूभाऊ मुंबईत गटारांच्या कामावर ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन ते आमच्या शेजारी राहायला आले आणि त्यांनी परसात संडासाची सेप्टिक टाकी बांधली. गावातली ती पहिली टाकी. टाकीतले जीव घाण खातात, म्हणून ती वर्षानुवर्षं उपसावी लागत नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या जीवांना ते 'खालची मंडळी' म्हणत. फिनेल हे मंडळींचं विष. मूल नसलेल्या त्या घरात वर दोन माणसं आणि खाली लाखो, असा त्यांचा हिशेब होता.

जवळच मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता. तिथे दुसरी टाकी झाली, तेव्हा विसूभाऊ आपल्या टाकीतला बादलीभर गाळ स्वतः घेऊन गेले.

"विरजण लागतंच," ते पुढे आठवडाभर सांगत राहिले.

"तो शब्द काढू नका हो!" त्यांच्या पत्नी, माई, ओरडल्या. "आठ दिवस झाले, ताक घशाखाली उतरत नाही."

शेटजी मुंबईला गेले की विसूभाऊ त्यांचा माळी रामा याची फिनेलसाठी झडती घेत.

"भाऊ, बाटली रिकामी हाय."

"मग हलवल्यावर वाजते कशी?"

उरलेलं फिनेल टाकीत ओतायचं नाही, विहिरीजवळ तर नाहीच. "औषध फेकायचं नाही, संपवायचं," हा विसूभाऊंचा नियम. बादलीभर पाण्यात चमचाभर घालून ते विहिरीपासून लांबचे गोठे आणि ओटे धूत. मालकाची परवानगी घेण्याची पद्धत नव्हती. आमच्याकडच्या सत्यनारायणाच्या सकाळी त्यांनी आमची पडवी अशीच धुतली. शिरा उत्तम झाला होता. दुसऱ्यांदा कोणी वाढून घेतला नाही.

मग माईंना विषमज्वर झाला. अलिबागहून डॉक्टर आले. रोग्याचं सगळं फिनेल घालूनच बाहेर जाऊ द्या, असं त्यांनी बजावलं. आता वाद होणार, म्हणून मी दारातच थांबलो. विसूभाऊंनी एवढंच विचारलं, "किती घालू?"

"भरपूर."

ते गावभर फिरून बाटल्या मागू लागले. रामाकडेही गेले. रामाला ती नव्या तऱ्हेची झडती वाटली, आणि त्याने शपथेवर सांगितलं की बाटली नाही. विसूभाऊंनी हात जोडले, तेव्हा त्याने भरलेली बाटली काढून दिली.

पहिलं भांडं घेऊन ते संडासाकडे निघाले, तेव्हा मी म्हणालो, "विसूभाऊ, फिनेल घातलेल्या घाणीसाठी विहिरीपासून लांब निराळा खड्डा काढायचा, असं तुम्हीच सांगता."

"खड्ड्याला वेळ लागतो," ते म्हणाले. "ती आत एकटी आहे."

दोन दिवसांनी मी गडी लावून खड्डा काढून घेतला. तोपर्यंत बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. टाकी मेली. वास आमच्या माजघरापर्यंत येई. विसूभाऊंनी झाकण उचलून पाहिलं नाही. पाहुणे येत, बाटल्या आत नेत. त्यांना कोणी अडवत नव्हतं.

माई बऱ्या झाल्या. भिंतीला धरून त्या पहिल्यांदा पडवीत आल्या, तेव्हा विसूभाऊ झोपाळ्यावर होते आणि मी समाचाराला गेलो होतो. माईंनी नाकाला पदर लावला आणि परसाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, काय केलंत हे?"

"काही नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

माई खांबाला टेकून बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी कुंपणापलीकडे काम करणाऱ्या रामाला हाक मारली.

"रामा, तुमच्या टाकीतनं एक बादली घेऊन ये रे."

"काय आनू म्हनता, माई?"

माईंना तो शब्द जड गेला. पण त्या म्हणाल्या.

"विरजण."

विसूभाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. रामा बादली घेऊन निघाला होता. ते झोपाळ्यावरून उठले आणि कुंपणापर्यंत जवळजवळ धावले.

"रामा, थांब! त्या बादलीला फिनेल लागलेलं नाही ना?"