फाटकाला पटलेला चेहरा

आमच्या कॉलनीत माणूस बघणाऱ्याच्या मनाप्रमाणे दिसतो. कुंभोजकर काकू खिडकीत आल्या की माझ्या मोकळ्या केसांची आपोआप वेणी पडते. आई बघत असेल तर मी रोडावते. बाबांपुढे मी अजून सहावीत असते आणि पाठीवर दप्तर येतं. याबद्दल कुणाची तक्रार नाही. आम्ही कपडे तेवढे सैल शिवतो.

अडचण आली ती फाटकावर चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवल्यावर. रविवारच्या दिवेलागणीपासून नोंद नसलेल्याला आत घ्यायचं नाही, असं सभेत ठरलं. बाकीच्यांचा स्वतःच्या चेहऱ्यावर थोडाफार हक्क होता, त्यांचं निभावलं. मी समोर गेले की कॅमेऱ्याला चोर दिसायचा, कारण तो चोरांसाठीच बसवला होता.

रविवारी संध्याकाळी पुन्हा उभी राहिले.

"ताई, आधी पहार खाली ठेवा," वॉचमन बंडगरमामा म्हणाले.

"मी आणलेली नाही हो. ती येते."

"कृपया मूळ चेहरा दाखवा," कॅमेरा म्हणाला.

"तो कधी असतो?"

"कुणी बघत नसताना."

"पण तुम्ही बघताय."

"ती आमची ड्यूटी आहे."

काकू खाली आल्या. लगेच वेणी पडली, पहार होतीच. "आरशात कशी दिसतेस गं तू?" त्यांनी विचारलं.

"आरशात मीच बघते ना, काकू. फार वाईट दिसते."

काकूंना हे पटलं. त्यांनी डोळ्यांवर पदर घेतला. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कॅमेरा काही हलेना. रस्त्यावरचे दिवे लागले, तसे मामा न बघताच फाटक ओढायला लागले. आत, दुसऱ्या मजल्यावर, आमच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता.

तेवढ्यात काकूंच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी किंचाळून उडालेच.

"नोंद झाली," कॅमेरा म्हणाला.

हातात पहार नव्हती. काकूंनी पदर बाजूला केला. "अगंबाई, हनुवटीला तीळ आहे होय तुझ्या!" त्या म्हणाल्या, आणि मग वेणी पडली.

तेव्हापासून फाटक मला दचकलेलीच ओळखतं. कॉलनीने तशी सोय केली आहे. मी येताना दिसले की मामा खांबाआडून "भॉक!" करतात. ते रजेवर असले तर काकू वरून ताट आपटतात. कुणी हसत नाही. माझ्या घरी जाण्याचा प्रश्न असतो. आणि दचकायला मला काही कष्ट पडत नाहीत.

काल मामांनी "भॉक" म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना ठसका लागला. काकू खिडकीत ताट शोधत माझ्याकडेच बघत होत्या. मी हनुवटीवरचा तीळ चाचपत थांबले होते. केस तोंडावर येत होते, ते मागे सारले. मोकळेच होते.

फाटक उघडलं. मग मी दचकले.

"आता कशाला, ताई?" मामा खोकत म्हणाले. "या आत."